रेशमी साडीचा अस्तराचा स्कर्ट सीटपाशी वारंवार फसकतो, तेव्हा काय करायचं

नारायणपेठ, इरकल किंवा हलक्या विणीची पैठणी कापून घरी अस्तर लावलेला स्कर्ट शिवला, की पहिल्या-दुसऱ्या वापरातच सीटपाशी (नितंबांच्या रुंद भागापाशी), बाजूच्या शिवणीला लागून कापड फसकतं. टीप शाबूत असते, दोरा कुठे तुटलेला नसतो, पण टिपेच्या दोन्ही अंगांना बारीक जाळी दिसू लागते आणि त्यातून अस्तर डोकावतं. मग शिवण उलटी करून, जरा आत सरकून दुसरी टीप मारली जाते. पुढच्या समारंभात त्या नव्या टिपेशेजारी तीच जाळी. दर दुरुस्तीला स्कर्ट अर्धा इंच घट्ट होतो, त्यामुळे पुढचं फसकणं आणखी लवकर येतं.

अशा बहुतेक स्कर्टांत शिलाई चांगलीच असते. बिघाड असतो तो ताण कुणाच्या वाट्याला आलाय यात. बसताना, वाकताना, रिक्षात चढताना सीटचा सगळा ताण रेशीम घेतं आणि अस्तर आत सैल लोंबत राहतं. हे उलटं हवं. ताण अस्तराने घ्यायचा आणि रेशमाने त्यावर निवांत पडून राहायचं. सुई, दोरा, टाक्याची लांबी, पेस्टिंग (इस्त्रीने आतून चिकटवायचं कापड) या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण हे एक जमलं नाही तर त्यातल्या कशानेही स्कर्ट टिकत नाही.

आधी नीट बघा: फसकलंय की फाटलंय

स्कर्ट उजेडासमोर धरा आणि जाळी झालेल्या जागी भिंग लावून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. एका दिशेचे धागे अखंड दिसत असतील आणि दुसऱ्या दिशेचे धागे बाजूला सरकून गोळा झाले असतील, तर कापड फसकलंय. धागे धडधाकट आहेत, फक्त जागा सोडून गेलेत. यावर इलाज आहे.

पण धाग्यांची तुटकी, केसाळ टोकं दिसत असतील तर रेशीमच जीर्ण झालंय. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेल्या साड्यांत हे घडीच्या रेषेवर आधी दिसतं. घाम लागून तसंच कपाटात गेलेलं रेशीम, कपड्याच्या साबणाने धुतलेलं रेशीम आणि खूप ऊन खाल्लेलं रेशीम असंच कमजोर होतं. तपासायचं तर साडीच्या कडेचा भाग दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणा. बारीक करकर ऐकू आली किंवा चीर गेली तर त्या साडीचा सीटवर बसणारा स्कर्ट शिवू नका. तिचे काठ आणि पदर जपून उतरवा आणि नव्या, घट्ट विणीच्या कापडाच्या स्कर्टवर लावा. आईची साडी आहे म्हणून जीव तुटतो, हे मला कळतं. तरी जीर्ण रेशमाला शिवणीने बळ येत नाही, आणि काठ-पदर वाचले तर साडीची ओळख वाचते.

पुढचं सगळं धडधाकट पण सरकणाऱ्या रेशमासाठी आहे.

का सरकतं

रेशमाचा धागा लांब, अखंड आणि गुळगुळीत असतो. सुती धाग्यावर बारीक लव असते, तिने धागे एकमेकांना धरून ठेवतात. रेशमात ती पकड नसते. वीण घट्ट असेल तर भागतं, पण हलक्या नारायणपेठेसारख्या विणीत धाग्यांमध्ये जागा असते. शिवण ताणली गेली की टिपेत अडकलेले तिच्याशी समांतर धागे आडव्या धाग्यांवरून घसरत जातात आणि मागे जाळी राहते.

दिशेचाही विचार करावा लागतो. काठ खाली घेराला यावा म्हणून साडी आडवी वापरली, तर साडीचा ताणा (लांबीतले धागे) कमरेभोवती फिरतो आणि सीटचा ताण ताण्याच्या धाग्यांवर येतो. साडी उभी वापरून काठ पुढून खाली सोडला, तर तोच ताण बाण्यावर (रुंदीतल्या धाग्यांवर) येतो. बऱ्याच साड्यांत ताणा आणि बाणा यांची जाडी सारखी नसते, म्हणून एका दिशेने शिवण टिकते आणि दुसऱ्या दिशेने लगेच उघडते. कापण्याआधी हे कळलं तर पुढचे हाल वाचतात.

त्यासाठी ब्लाउजपीसचा किंवा साडीच्या आतल्या टोकाचा तुकडा घ्या. चार-चार इंचाचे चार चौकोन कापा आणि अर्धा इंच माया (टिपेबाहेरचं जादा कापड) ठेवून दोन-दोन जोडा, एक जोडणी ताण्याला समांतर, दुसरी बाण्याला समांतर. इस्त्री करून दोन्ही हातांनी शिवणीच्या आडव्या दिशेने दहापर्यंत मोजेस्तोवर ताणून धरा, मग सोडा. ज्या जोडणीत फट कमी पडते तिची दिशा सीटच्या बाजूच्या शिवणीला द्यायची. दोन्हींत काडेपेटीच्या काडीएवढी फट पडत असेल, तर सीटवर बसणारा आकार सोडून द्या आणि कमरेत चुण्या घेऊन घेरदार स्कर्ट करा. चुण्यांच्या स्कर्टमध्ये सीटपाशी कापड सैल असतं, तिथे हा त्रास येतच नाही. माझ्या मते हलक्या नारायणपेठेला तोच आकार सगळ्यात शोभतो.

इरकल वापरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पारंपरिक इरकलमध्ये अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात आणि ते फासात फास अडकवून जोडलेले असतात. हा टोपे-तेणीचा जोड दिसायला देखणा, पण ताणाला नाजूक. तो सीटच्या उंचीवर किंवा चेनजवळ येणार नाही अशा बेताने तुकडे आखा. पदर पुढच्या पाकळीत, मांडीच्या खाली आला तर उत्तम.

नेहमीचे उपाय का फसतात

पहिला उपाय म्हणजे बारीक टाका. टाका जितका बारीक तितकी शिवण पक्की, हे सुती कापडाला लागू. रेशमात दर टाक्याला सुई एक भोक पाडते, आणि फार जवळजवळ भोकं पडली की टपाल तिकिटांच्या कडेसारखी फाटायला सोपी रेषा तयार होते. दोन ते अडीच मिलिमीटरचा टाका ठेवा, म्हणजे इंचाला साधारण 10 ते 12 टाके.

दुसरा, जाड किंवा नायलॉनचा दोरा. असा दोरा तुटत नाही, म्हणून ताण आला की कापडच कापतो. बारीक पॉलिस्टर किंवा बारीक सुती दोरा पुरतो.

तिसरा, इंटरलॉक, म्हणजे कापडाची कड मशीनने गुंफून घेणं. अर्धा इंच मायेवर इंटरलॉक मारताना मशीनची पाती काठ छाटते आणि माया पाव इंचावर येते. सरकणाऱ्या रेशमात मग इंटरलॉकची अख्खी पट्टी कापडातून सुटून हातात येते. बाजूच्या शिवणींना पूर्ण एक इंच माया ठेवा आणि इंटरलॉक करायचंच असेल तर काठाखाली मलमलची पट्टी घेऊन करा.

फ्रेंच शिवणीबद्दल (कापडाच्या कडा आत बंद करून दोनदा मारलेली शिवण) हमखास विचारणा होते. ती आतून सुरेख दिसते, निघालेले धागे झाकते. पण ताण येतो तो शेवटी एकाच टिपेवर, त्यामुळे सीटपाशी फसकणं ती थांबवत नाही. खालच्या घेराच्या जोडांना खुशाल वापरा.

अस्तर कोणतं आणि किती मापाचं

दुकानात स्कर्टसाठी अस्तर मागितलं की बहुतेकदा क्रेप किंवा शांतून पुढे येतं. दोन्ही गुळगुळीत, अंगावर छान पडतात, पण दोन्ही स्वतःच शिवणीपाशी सरकतात. ज्याने ताण घ्यायचा तेच फसकणारं असून कसं चालेल? म्हणून इथे सुती अस्तर घ्या. टू बाय टू (ब्लाउजला वापरतात ते सुती कापड) किंवा घट्ट विणीचं कॅम्ब्रिक. मलमल सीटचा ताण घ्यायला पातळ पडते, ती पट्ट्यांसाठी ठेवा. सुती अस्तर चालताना पायाला चिकटतं, ही तक्रार खरी आहे. त्यावर सोपा मार्ग असा, की सीटच्या खाली सहा-सात इंचांपर्यंत सुती आणि त्याखाली शांतून जोडायचं. खाली ताण नसतो, तिथे गुळगुळीत कापड कामाचंच आहे.

सुती अस्तर कापण्याआधी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, वाळवून, ओलसर असताना इस्त्री करा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, रेशीम जागेवर राहतं आणि स्कर्टला आतून ओढ लागते. रेशमाला मात्र पाणी लावू नका, थेंबांचे डाग राहतात. रेशमी कापड कोरडी इस्त्री करून, वर सुती फडकं ठेवून सपाट करा.

आता माप. सीटचं माप उभ्याने घेतो तसं खुर्चीवर बसूनही घ्या. फरक बघून बऱ्याच जणी चकित होतात. समजा उभ्याने 40 इंच आणि बसून 42 भरलं. अस्तराची सीट 43 ठेवा, बसण्याच्या मापापेक्षा एकच इंच जास्त. वरच्या रेशमाची सीट 45 ठेवा. हे दोन इंच म्हणजेच रेशमाची सुटका आहे. तुम्ही बसलात की आधी अस्तर भरतं आणि थांबतं, रेशीम अजून सैलच असतं.

आखायला सोपं आहे. अस्तराचा चौथाई नमुना काढा आणि रेशमासाठी तोच नमुना कमरेपासून घेरापर्यंत अर्धा इंच रुंद कापा. चार भागांत मिळून दोन इंच झाले. कमरेपाशी हे जादा कापड प्रत्येक चौथाईत अर्ध्या इंचाच्या एका प्लेटमध्ये घ्या. प्लेट शिवून बंद करू नका, कमरेतच अडकवा, म्हणजे सीटपाशी ती उघडायला मोकळी राहते. अस्तराच्या टक्स आणि रेशमाच्या प्लेटा एकावर एक आणू नका, बोटभर अंतर ठेवा, नाहीतर कमरेत गाठ आल्यासारखं जाड होतं.

रेशीम फारच हलकं असेल पण सीटवर बसणारा आकारच हवा असेल, तर अस्तर वेगळं न लोंबवता प्रत्येक तुकड्याला आतून जोडून घ्या आणि मग दोन्ही थर एकच कापड समजून शिवा. टेबलावर अस्तर सपाट पसरा, त्यावर रेशीम ठेवा आणि धावदोऱ्याने मायेत जोडा. रेशीम अस्तरावर किंचित ढिलं हवं, प्रत्येक तुकड्यात दोन-तीन मिलिमीटर एवढंच. ताणून जोडलं तर सगळा खटाटोप वाया जातो, कारण ताण पुन्हा रेशमावर. खुणाही अस्तराच्या बाजूने करा, रेशमावर खडू फिरवावा लागत नाही. हे काम वेळखाऊ आहे, धावदोरा हातानेच घालावा लागतो, आणि तरीही हलक्या रेशमासाठी मी हीच पद्धत सुचवेन.

शिवताना

सुई नवी घ्या, 9 किंवा 11 नंबरची. रोजच्या 14 किंवा 16 नंबरच्या सुईने रेशमाचे धागे ओढले जातात आणि टिपेच्या आडव्या रेषा उमटतात. जरीतून टीप मारल्यावर सुई लवकर बोथट होते, म्हणून काठ आधी संपवा आणि अंगाच्या शिवणींना पुन्हा नवी सुई लावा. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. कापड दात्यांत ओढलं जात असेल तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवा, शिवून झाल्यावर ती अलगद फाडून निघते. वर्तमानपत्र नको, शाई लागते. टाचण्या फक्त मायेत टोचा, अंगावर टोचलेली भोकं रेशमात बुजत नाहीत.

बाजूच्या शिवणीत, कमरेपासून सीटच्या खाली चार इंचांपर्यंत, अर्धा इंच रुंदीची सुती पट्टी टिपेखाली धरून शिवा. अस्तराच्या कापडाची किनार यासाठी सर्वांत चांगली, कारण ती ताणली जात नाही. टीप मारून झाली की माया एका बाजूला दाबा आणि पहिल्या टिपेपासून दोन मिलिमीटरवर, मायेतच, दुसरी टीप घाला. धाग्यांना आता दोन ठिकाणी अडसर मिळतो.

चेन, चीर आणि बेल्ट

फसकणं बहुतेकदा चेनच्या खालच्या टोकापाशी सुरू होतं. स्कर्ट सीटवरून ओढून चढवताना तिथे जोर बसतो. सात इंचांची चेन लावली असेल तर ती सीटच्या भरीव भागाच्या वरच संपते, मग दर वेळी कापड खेचलं जातं. नऊ इंचांची लावा. चेनच्या टोकाखाली आतून दीड इंचाचा मलमलचा चौकोन ठेवा आणि शेवटची टीप त्यातून जाऊ द्या. चेनच्या दोन्ही कडांखालीही पातळ पेस्टिंगची पट्टी हवी, पण आधी तुकड्यावर इस्त्री करून बघा. काही जरी प्लास्टिकवर चढवलेली असते, ती तापली की आक्रसते.

सरळ स्कर्टला मागे चीर असेल तर तिच्या वरच्या टोकालाही असाच चौकोन लागतो.

बेल्ट दिसायला रेशमाचा असू द्या, पण हूक आतल्या सुती बेल्टवर लावा. एक इंच रुंदीचा, कॅनव्हास घातलेला सुती बेल्ट कमरेच्या मापाला नेमका कापा, अस्तर त्यालाच शिवा, आणि रेशमी बेल्ट त्यावरून पाव इंच ढिला ठेवा. पैठणीचा वरचा काठ उतरवून बेल्टसाठी वापरता येतो. जरीमुळे तो ताठ असतो आणि सुंदर दिसतो, फक्त हुकाचा भार त्यावर नको.

आधीच शिवलेला स्कर्ट फसकलाय, त्याचं काय

बाजूची शिवण सीटच्या वर-खाली सहा इंच उसवा. सरकलेले धागे बोथट सुईने, घाई न करता, एकेक करून पुन्हा जागेवर ढकला. फडक्यावरून कोमट इस्त्री करा. मागून दीड इंच रुंदीची पातळ पेस्टिंगची पट्टी उरेप (तिरपी) कापून लावा, म्हणजे ती कापडाबरोबर थोडी वाकते आणि पुढून कडक रेष दिसत नाही.

आता मायेत जागा आहे का ते बघा. नसेल, तर आत सरकून पुन्हा टीप मारण्याचा मोह आवरा. दोन्ही बाजूंना दोन-अडीच इंच रुंदीची, कमरेपासून घेरापर्यंत उभी पट्टी घाला. विरुद्ध रंगाच्या खणाची पट्टी इथे खूप खुलते. गुळेदगुडच्या खणावरची बारीक बुट्टी नारायणपेठेच्या चौकडीशेजारी मुद्दाम योजल्यासारखी वाटते. खणाचीही आधी तीच ओढून बघायची चाचणी करा, कारण सगळे खण एका विणीचे नसतात.

पट्टी घातल्यावर रेशीम सैल झालं. आता आतल्या अस्तराची सीट मोजा. ते बसून घेतलेल्या मापापेक्षा दोन-तीन इंच मोठं असेल तर बाजूने आत घ्या. अस्तर शांतूनचं असेल तर वरचा भाग कापून तिथे सुती जोडा. दुरुस्तीत हा भाग हमखास राहून जातो, आणि मग महिन्याभरात पट्टीच्या शिवणीपाशी पुन्हा जाळी.

अस्तर खाली डोकावतं, काठ आक्रसतो

हे दोन त्रास याच स्कर्टांत सोबतीने येतात. शिवून झालेला स्कर्ट घेर न दुमडता एक रात्र हँगरला टांगा, मगच लांबी ठरवा. तिरप्या कापाचा भाग लोंबून खाली येतो, तो आधी येऊ द्यायचा. अस्तर रेशमापेक्षा एक ते दीड इंच आखूड ठेवा आणि घेराला जोडू नका. बाजूच्या शिवणींपाशी दोऱ्याची इंचभर साखळी घालून दोन्ही थर अडकवा, तेवढ्याने अस्तर पायात येत नाही.

काठ खाली असेल तर तो दुमडू नका. साडीची किनार मुळातच पक्की असते. आतून काठाच्या रंगाची सुती फॉल लावली की वजन येतं आणि पडणं सुधारतं. फॉल आधी धुऊन घ्या. बाजारातून आणलेली फॉल तशीच लावली तर आटते आणि काठाला लाटा येतात, आणि दोष जरीला दिला जातो. लाटा आल्याच असतील तर फॉल उसवून, काठ फडक्याखाली दाबून, हाताने सैल टाक्यांनी पुन्हा लावा.

पहिल्यांदा घालून आल्यावर स्कर्ट उलटा करून चेनचं टोक, चिरेचं टोक आणि दोन्ही बाजू उजेडात तपासा. सुती अस्तराच्या शिवणीवर ताणाच्या हलक्या खुणा असतील आणि रेशमाची शिवण सपाट असेल, तर मापं बरोबर बसली आहेत. खुणा रेशमावर असतील तर अस्तर अजून अर्धा इंच आत घ्या.